काचेचं कापड

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कर्नाटकात, चिकपेटेच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. सासरे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, कापड नुसतं अंगठ्याने चोळून कुठल्या गिरणीचं ते सांगायचे. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, गल्ल्यावर बसायला साफ नकार दिला आणि हे शहराबाहेरच्या एका शेडमध्ये फायबरग्लासच्या कामाला लागले. लष्करी ट्रकांची बॉनेटं, केबिनची छपरं बनवायची.

एकदा हे तिथलं, काचेच्या बारीक धाग्यांचं कापड घरी घेऊन आले. पांढरंशुभ्र, रेशमासारखं चमकणारं. "अण्णा, ओळखा बघू!" अण्णांनी सवयीने चोळलं आणि संध्याकाळभर बोटं खाजवत बसले. "कापडवाल्याच्या पोटी हा असला जन्मला!" आम्ही हसून हसून लोळलो.

तेव्हापासून मी घरात कायदाच केला. कामावरून मागच्या दाराने यायचं, शर्ट बाहेरच्या खिळ्याला, आणि अंघोळ गार पाण्याने. गरम पाण्याने काच कातडीत आणखी शिरते म्हणे. ह्यांचे कपडे वेगळ्या बादलीत. चुकून एकदा मुलीचं झबलं त्यात पडलं, तर पोर रडून रडून लालेलाल. मग ती बापाकडे झेपावली की मी ओरडायची, "आधी अंघोळ!" मी आहेच तशी तोंडाची फटकळ. हे बिचारे अंगणातूनच तिच्याशी गप्पा मारायचे.

शहराबाहेर हेब्बाळकडे जाताना लष्कराचा ट्रक दिसला की ह्यांची छाती फुगायची. "ते छप्पर आमचं! लोखंडापेक्षा हलकं. बर्फात उभं करा, पावसात उभं करा, गंजायचं नाव नाही."

मग खोकला लागला. आधी वाळलेली छपरं घासताना, पुढे नुसता जिना चढतानाही. डॉक्टर म्हणाले, त्या कापडावर ओततात त्या रेझिनच्या वाफेने नि काचेच्या धुळीने छाती धरलीय, काम सोडा. हे म्हणाले, "स्वल्प थांब गं, एवढी ऑर्डर होऊ दे." मी हातातलं पातेलं आपटलं. "ट्रक गंजत नाही, कळलं मला. माणसाचं काय?"

"सरी, सरी," कानडीत बरं बरं म्हणाले, आणि सकाळी डबा घेऊन निघाले.

त्या डिसेंबरात गार पाणी अंगावर घेताना ह्यांना धाप लागायची. मला ऐकवत नसे. "अहो, आज तरी गरम देते." तर म्हणायचे, "नको. पोरीला घ्यायचंय."

ऑर्डर पुरी व्हायच्या आत हे गेले.

तेराव्यानंतर नणंद आवराआवर करत होती. खिळ्यावरचा शर्ट काढून म्हणाली, "वहिनी, हा टाकून देऊ ना?" मी तो तिच्या हातातून हिसकावूनच घेतला. माझ्या साड्या-पोलक्यांच्या बादलीत भिजवला. इतकी वर्षं जे कुणाला करू दिलं नव्हतं, ते मुद्दाम केलं. दुसऱ्या दिवशी त्यातलंच पोलकं घातलं, तर मानेला, दंडाला, पाठीला टोचायला लागलं. अण्णांच्या लगेच लक्षात आलं. "पोरी, काय केलंस हे? जा, गार पाणी घे अंगावर."

मी घेतलं नाही. मुलगी कुशीत शिरायला आली, तिला नणंदेकडे पाठवलं आणि खाजवत बसून राहिले. बरं वाटत होतं, खरं सांगते.

हळूहळू खाज कमी होत गेली. एके दिवशी सकाळी उठले तर कुठेच टोचत नव्हतं. तेव्हा मात्र मी धाय मोकलून रडले.