पिशवीवरची आजी

जाळीची पिशवी करायला मी फोनवर शिकले. कुठल्याशा परदेशी बाईचा व्हिडिओ होता. तिची भाषा कळत नव्हती म्हणून आवाज बंद करून नुसते हात बघायचे. आमचं ऑफिस ठाण्याहून नवी मुंबईत महापेला हललं, दिव्याच्या घरून तिथलं रोजचं जाणं-येणं मला झेपेना, म्हणून अकाउंट्सची नोकरी सोडून मी घरी बसलेले. लाकडी कडी खिडकीच्या ग्रिलला अडकवायची, तिच्यात सुती दोऱ्या ओवायच्या आणि शेजारशेजारच्या दोऱ्यांना गाठ मारत खाली यायचं, की जाळी होते. गाठी सारख्या अंतरावर याव्यात म्हणून मध्ये एक जुनी फूटपट्टी धरायची. यात कला वगैरे काही नाही. चिकाटी लागते, आणि मला दुसरा उद्योग नव्हता.

मैत्रिणीच्या ओळखीतून ठाण्याच्या एक मॅडम या पिशव्या विकायला नेऊ लागल्या, पैसे विकल्यावर. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायच्या, हौसेचा धंदा होता. सूत, ज्यूट, माती असल्या गोष्टींबद्दल त्या इतक्या हळू आवाजात बोलायच्या की घरात कुणी आजारी आहे असं वाटावं.

"ताई, हे तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय ना?" पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं.

"नाही, फोनवर शिकले."

त्या हसल्या. "असं नका ना सांगू कुणाला."

मला वाटलं, गंमत करतायत.

मग एका सकाळी त्या फोटोग्राफरला घेऊन दिव्याला आल्या. चौथा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे दारात पोचेपर्यंत घामाघूम. घर बघून त्यांचा चेहराच पडला. त्या गरिबी बघायची तयारी करून आलेल्या आणि इथे सोफा, फ्रिज, भिंतीवर पुतण्याचा पदवीच्या झग्यातला फोटो. "थोडं रॉ असं काही नाही का?" त्यांनी विचारलं. शेवटी जिन्यातली ओल आलेली भिंत पसंत पडली. त्यांनी बॅगेतून हिरवं लुगडं काढलं आणि कोळणी नेसतात तसं नेसायला सांगितलं. माझं माहेर डोंबिवलीचं, वडील कारकून. खाडी मी पुलावरूनच पाहिलेली. लुगडं मलाही नेसता येत नव्हतं आणि त्यांनाही. फोटोग्राफरने फोनवर बघून आम्हा दोघींना शिकवलं.

"ताई, लांब बघा. थोडं उदास," मॅडम म्हणाल्या.

मी उदास होत असतानाच खाली टँकरचा हॉर्न वाजला. दिव्यात टँकर आला की माणूस हातातलं टाकून पळतो. मीही कळशी उचलून लुगड्यासकट पळाले, रांगेत घुसणाऱ्या एका बाईशी भांडले आणि भरलेली कळशी घेऊन वर आले. फोटोग्राफर सगळा वेळ फोटो काढत मागेपुढे पळत होता.

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, पाणी मिळालं म्हणून म्हणतायत.

पुढे ठाण्यातल्या एका हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं. मला बोलावणं नव्हतं, मीच गेलेले, नेहमीच्या पंजाबी ड्रेसमध्ये. टेबलावर माझ्या पिशव्या मांडलेल्या आणि प्रत्येकीला एक कार्ड बांधलेलं. कार्डावर मी. लुगडं सुटत आलेलं, केस विस्कटलेले, काखेत कळशी, तोंडावर रांगेतलं भांडण अजून तसंच. खाली मजकूर होता की खाडीकाठच्या एका कोळीण आजीची ही लोप पावत चाललेली कला आहे, आणि विहिरीवरून पाणी आणून झालं की आजी जुनी गाणी गुणगुणत या गाठी मारते. मला तेव्हा शेहेचाळीसावं चालू होतं. विहीर मी एक वेळ सोडून दिली असती. 'आजी' वाचून डोकं फिरलं.

तेवढ्यात गॉगल डोक्यावर चढवलेली एक बाई शेजारी येऊन पिशवी कुरवाळायला लागली. "किती गोड ना?" ती मला म्हणाली. "त्या बोटांत काय काय साठलेलं असेल."

"त्या बोटांना रोज बाम लावावा लागतो," मी म्हटलं. "ती मीच आहे."

तिने कार्ड बघितलं, मग मला बघितलं. "तुमच्या आई का?"

"मी. बी.कॉम. झालेय. कोळीण नाही, विहीर नाही, गाणी मला येत नाहीत. फोनवर बघून केलेली पिशवी आहे. गाठी पक्क्या आहेत, वाटेल तेवढे कांदे भरा."

मग तिने पिशवी टेबलावर जपून ठेवली, झोपलेलं मूल ठेवतात तशी. "म्हणजे हे ऑथेंटिक नाही तर," ती म्हणाली आणि पलीकडे मातीच्या पणत्या बघायला गेली. एवढ्या वेळात त्या पिशवीची एकही गाठ सुटली नव्हती.

मॅडमनी मला कोपऱ्यात घेतलं. "ताई, कशाला बोललात? लोक पिशवी नाही घेत, गोष्ट घेतात."

"मग भाजी पण गोष्टीतूनच आणू देत."

"अहो, तुमच्यासाठीच करतेय ना मी हे सगळं." हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या, डोळ्यांत पाणी वगैरे. सरळ खोटारडी बाई मला समजली असती. ही स्वतःच छापलेलं कार्ड वाचून गहिवरलेली.

मी टेबलावरची कात्री घेतली, एकेक कार्ड कापून तिथेच ठेवलं आणि पिशव्या गोळा केल्या. मॅडम आडव्या आल्या नाहीत. "तुम्ही दमलायत," एवढंच म्हणाल्या. नंतर त्यांचा फोन आलेला, की शनिवार-रविवार वर्कशॉप घ्याल का, लुगडं त्या आणतील. मी नंबर ब्लॉक केला.

पिशव्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटून टाकल्या. कुणी कुरवाळल्या नाहीत. दोन दिवसांनी तळमजल्यावरची शेजारीण तिची पिशवी घेऊन वर आली.

"काकू, बटाट्यांना बरी आहे," ती म्हणाली. "पण मिरच्या निम्म्या रस्त्यात सांडल्या."

"जाळी मोठी झाली."

"मग बारीक करून द्या ना. आणि पट्टा जरा लांब, खांद्याला पोचत नाही."

मी तिला तिथेच उभी केली आणि खांद्यापासून दोरी मापायला घेतली.