अंगठ्याखाली झाकलेलं नाव

वानखडे बाई कुठलीही चिठ्ठी हातात घेतली की आधी डॉक्टरांच्या नावावर अंगठा ठेवायच्या आणि मगच वाचायला लागायच्या. मोठ्या रुग्णालयाचा गुळगुळीत कागद असो, नाहीतर गल्लीतल्या दवाखान्याचं चतकोर चिटोरं, अंगठा आधी. धायरीतल्या त्यांच्या औषधांच्या दुकानात मी नवीन गिऱ्हाईक होते तेव्हा मला वाटलं, डोक्यावरच्या पंख्यानं कागद उडू नये म्हणून करत असतील. पण वीज गेलेली असली, पंखा ढिम्म असला, तरी अंगठा तिथंच. शेवटी एकदा मी विचारलंच. तर म्हणाल्या, "नाव पाह्यलं की डोळे वाचणं सोडून देतात, ताई. हात जोडून उभे राहतात."

बाई मूळच्या अकोल्याकडच्या. पुण्यात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की इथं कुठं कुठं शेतं होती, हे त्या आमच्या सोसायटीतल्या लोकांना सांगायच्या. पण बोलण्यातलं 'मले-तुम्हाले' काही सुटलं नव्हतं. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीचा पांढरा ॲप्रन, केस घट्ट बांधलेले. गोड स्वभाव वगैरे भानगड नाही. एखादं गिऱ्हाईक घाईघाईनं "जरा पटकन द्या, मला कामं आहेत" म्हणालं, की मान वर न करता म्हणायच्या, "मलेही हेच काम आहे जी." मी स्वतः पेठेत वाढलेली. तिरकं बोलणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण या बाईंपुढे मीसुद्धा जरा दबूनच असायचे.

आमचा खरा संबंध आला तो माझ्या नागिणीमुळे. मी ब्लाउज शिवते. ऐन लग्नसराईच्या तोंडावर उजव्या बगलेखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. सासूबाईंनी गेरू लावला, शेजारणीनं नागिणीचं तोंड शेपटीला मिळतंय का ते रोज येऊन पाहिलं, आमच्या घरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, आणि फोड सुकून गेले. आग मात्र मागे राहिली. कापड नुसतं घासलं तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचं कापड हाताळणारी बाई मी, आणि माझ्याच अंगाला कापड सोसेना. शेवटी मी स्वतःसाठी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलचे सैल ब्लाउज शिवले. तेही शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन, म्हणजे आतून टाका लागू नये. पदर बोटांत धरून अंगापासून लांब ठेवायचा, अशी मग सवयच पडली.

बघणाऱ्याला यातलं काय दिसणार? कातडी तर बरी झालेली. घरच्यांना आधी काळजी वाटली, मग कंटाळा आला. आमचे हे म्हणायचे, फोड गेले ना, आता डोक्यातून काढून टाक. गिऱ्हाइकं हसून सांगायची, ताई, ब्लाउज उलटा घातलाय. दुखण्यापेक्षा ते पटवून देण्याचाच मला जास्त वैताग यायचा. रात्री झोप नाही, दिवसा मशीनवर बसवत नाही. वर्षानुवर्षं माझ्याकडे येणाऱ्या बायका दुसरीकडे जायला लागल्या, आणि हे असंच चाललं तर आपलं काम संपलं, ही धास्ती मनात बसली.

मग कुणीतरी स्वारगेटच्या पलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर सुचवले. त्यांच्या गोळीनं थोडं बरं वाटलं, पण थोडंच. पुढच्या खेपेला त्यांनी गोळीची ताकद दुप्पट केली. ती चिठ्ठी घेऊन बसमधून उभ्यानं, लोकांचे धक्के खात मी धायरीला आले ते थेट दुकानात. आज रात्री झोप लागणार, एवढंच डोक्यात होतं. बाईंनी चिठ्ठी घेतली, अंगठा ठेवला, वाचली. पुन्हा वाचली. मग कागद काचेवर ठेवून म्हणाल्या, हे मी आत्ता देत नाही.

माझ्यामागे चार माणसं उभी होती. कान कसे तापतात ते मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, का देत नाही? चिठ्ठी खोटी आहे का? बाई म्हणाल्या, घरच्या डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी तुम्ही माझ्याकडूनच नेता, ती या डॉक्टरांना सांगितली का? आता यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्याकडे मोठ्या डॉक्टरांसमोर घरच्या डॉक्टरांचं नाव काढत नाहीत. काढलं तर त्यांना कमीपणा, असं आम्हाला आपलं वाटतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. पण त्या वेळी हे समजून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतेच. माझ्या तोंडून गेलं, "मला व्यसन लागलंय असं वाटतं का तुम्हाला? की मी दुखण्याचं सोंग करते?"

 बाई काउंटरच्या आतून बाहेर आल्या. दुकानात एक लोखंडी स्टूल असायचं, ते ओढून पंख्याखाली आणलं आणि मला बस म्हणून खूण केली. पाठ टेकावी लागू नये असं ते ठेवलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शिवण बाहेरून घेतली तुम्ही. पदर लागू देत नाही अंगाले. मले दिसते ना जी. तुमच्या दुखण्यावर नाही माही शंका. चिठ्ठीवर आहे."

मी बसल्या जागी रडायला लागले. इतके महिने मी ज्याला त्याला समजावत होते आणि माझ्या चिठ्ठीपुढे सगळे माना डोलवत होते. कागदावर सगळ्यांचा विश्वास, माझ्यावर कुणाचा नाही. आणि ही बाई, जिच्याशी मी गोळ्यांपलीकडे कधी बोलले नव्हते, तिनं माझ्या ब्लाउजची शिवण वाचली होती.

बाईंनी रुग्णालयात फोन लावला. दोन्ही गोळ्या एकत्र रात्री पोटात गेल्या तर झोपेत श्वास मंदावू शकतो, हे त्यांनी पलीकडच्या साहाय्यक डॉक्टरांना शांतपणे सांगितलं. तो डॉक्टर बहुधा घाईत होता. तुम्ही तुमचं दुकान चालवा, असं काहीतरी तो म्हणाला असावा, कारण बाई म्हणाल्या, "तेच चालवून राहिली, सर." आणि फोन ठेवला नाही. गिऱ्हाइकं येत होती, एका कानाला फोन धरून त्या औषधं देत होत्या, आणि अधूनमधून फोनमध्ये म्हणत होत्या की हो, मी थांबली आहे. शेवटी मोठे डॉक्टर स्वतः बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. ताकद तूर्त जुनीच ठेवायची, झोपेची गोळी हळूहळू कमी करत न्यायची, आणि सोबत नसेच्या आगीसाठी एक वेगळी गोळी, असं ठरलं. रुग्णालयानं नवी चिठ्ठी फोनवर पाठवली. बाईंनी त्या चिठ्ठीवरही अंगठा ठेवला. स्वतःच्या सांगण्यावरून बदललेली चिठ्ठी होती ती! 

त्या वेगळ्या गोळीनं मला हळूहळू मशीनवर बसता यायला लागलं. जुन्या बायका परत आल्या. आग पूर्ण गेली नाही, पण तिच्यासोबत काम करता येईल इतकी ती खाली आली. बाईंचं मी मनातल्या मनात देवासारखं करून टाकलं होतं. त्यांना ते मुळीच चाललं नसतं.

पुढे मोठे डॉक्टर बाहेरगावी गेले असताना त्यांच्या जागी दुसरेच होते. त्यांनी माझी फाइल चाळली, इतके दिवस ही दुखण्यावरची गोळी घेताय म्हणजे सवय लागलीय तुम्हाला, असं सरळ तोंडावर म्हणाले, चिठ्ठीतही तसंच लिहिलं, आणि ती एकदम बंद करून टाकली. मी वानखडे बाईंकडे आले ती या खात्रीनं, की या तरी मला ओळखतात. म्हटलं, बाई, आजच्यापुरत्या तरी द्या. बाई म्हणाल्या, चिठ्ठीशिवाय नाही. एक गोळीसुद्धा नाही. मी हात जोडले तरी नाही. राग आला, खोटं कशाला सांगू? वाटलं, हिचं ते शिवणबिवण सगळं बोलण्यापुरतं.

तेवढ्यात बाईंनी चपला घातल्या. भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या वेळेला त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. मी कधीच ते शटर दिवसा बंद पाहिलं नव्हतं. रिक्षा केली आणि ॲप्रनवरच माझ्यासोबत रुग्णालयात आल्या. आम्ही बाकावर बसून राहिलो.  आमचा नंबर आला तेव्हा त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की इतके महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर शरीर उसळतं, घाम, थरथर, आणि दुखणं आधीपेक्षा मोठं होऊन परत येतं. बंद करायची तर उतरवत आणा. मग माझ्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठीत सवय लिहिली आहे, सर. यांच्यात दुखणं आहे. एकदा यांच्याकडं पाहून लिहा ना."

डॉक्टर चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. त्यांनी मला तपासलं. कापसाचा बोळा माझ्या पाठीवरून हलकाच फिरवला आणि मी किंचाळले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नवी चिठ्ठी लिहिली. परत येताना रिक्षात मी बाईंना विचारलं, तुम्ही मला दुकानातच गोळ्या दिल्या असत्या तर हा एवढा खटाटोप वाचला नसता का? त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आज दिल्या असत्या, उद्या तुम्ही पुन्हा चोरून मागितल्या असत्या. तुमचं दुखणं चोरीचं आहे का जी?"   धायरी आल्यावर रिक्षाचे पैसे मी दिले.

मागच्या वर्षी बाईंचं दुकान बंद दिसायला लागलं. आधी एखाद्या दिवशी, मग रोजच. कळलं ते असं, की हाडांत कॅन्सर पसरलाय आणि मुलानं त्यांना हडपसरला आपल्या फ्लॅटवर नेलंय. मी भेटायला गेले. मुलगा कंपनीत नोकरीला, घरूनच काम करत होता. चांगला मुलगा, पण जागरणांनी पार पिळून निघालेला. दारातच मला हळूच म्हणाला, आई फार शंका काढते हो. डॉक्टर म्हणाले आहेत, या डोसवर एवढं दुखायला नको.

आत गेले. बाई कुशीवर होत्या. केस सुटलेले, त्यांना तसं मी प्रथमच पाहत होते. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मले खरंच दुखते जी."

 जिनं माझं दुखणं न सांगता ओळखलं, तिला स्वतःचं दुखणं सांगून पटवावं लागत होतं. मी बघितलं, तर त्यांनी अंगावरच्या चादरीची कड मुठीत धरून मांडीपासून वर उचलून ठेवली होती. सबंध वेळ. चादर टेकू देत नव्हत्या.

मी बाहेर आले आणि मुलाला म्हटलं, आईच्या औषधांची चिठ्ठी आण. त्यानं आणली. त्यातलं मला ओ की ठो कळणार नव्हतं. मी डॉक्टरांच्या नावावर अंगठा ठेवला, कागद त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, आता आत जा आणि आईच्या हातातली चादर बघ. तो आत गेला.  बाहेर आला तो डॉक्टरांना फोन लावतच आला, आणि त्यांनी फोन उचलेपर्यंत त्यानं तो ठेवला नाही. संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. औषध वाढवलं.

मी घरी येऊन माझी सगळ्यात जुनी मलमलची साडी कापली. तिचा पायघोळ, सैल गाऊन शिवला, काजं-बटणं समोर, शिवण सगळी बाहेरून. दोन दिवसांनी नेऊन दिला. मुलानं आणि मी मिळून तो त्यांना घातला. बाईंनी बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. सावकाश, चिठ्ठी वाचावी तसा. म्हणाल्या, "लागत नाही कुठंच." मग डोळे मिटून पडून राहिल्या. चादर त्यांनी सोडून दिली होती.

काही आठवड्यांनी पहाटे मुलाचा फोन आला. आई गेली, शांतपणे गेली, म्हणाला. मग म्हणाला, अकोल्याहून मावश्या आल्यात, आंघोळ घालून नवी साडी नेसवायची म्हणतात. त्या गाऊनचं काय करू?

मी म्हटलं, आंघोळीनंतर तोच परत घाला. साडी वरून पांघरा. नव्या साडीची जर टोचते.

तो "बरं" म्हणाला. का, ते त्यानं विचारलं नाही.