काटापूजन आणि न वाचणारी कॅसेट

सीझनचं काटापूजन. वजनकाट्यावर कापसाची पहिली बैलगाडी उभी, सेठच्या हातात नारळ, आणि टीव्हीवर एकच ओळ: टेप एरर.

बोरी अरबच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मला तातडीनं बोलावलं होतं. माझा धंदा जगावेगळा. टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून प्रोग्राम वाचणारे होम कॉम्प्युटर लोकांनी कधीच माळ्यावर टाकले. मी मात्र त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीनला जागं करणारा मूळ प्रोग्राम, अजून सांभाळते. तो एका चिपमध्ये असतो. बदलायचा तर माझ्याच टूल्सवर लिहून नवी चिप भरायची.

इथला काटा अशाच एका कॉम्प्युटरला जोडलेला. त्याच्या कॅसेटवरचा वजनाचा प्रोग्राम प्रल्हादभाऊंनी तरुणपणी स्वतः लिहिलेला. काट्यावरचे बाबू तेच. सेठनं त्यांना सकाळीच ऐकवलं होतं, "आज चाललं नाही तर नवा कम्प्युटर अन् नवा माणूस."

"मागच्या सीझनभर एकदाही रुसलं नाही वो मॅडम," प्रल्हादभाऊ म्हणाले.

मी टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं. रुईचा पुंजका निघाला. तरी टेप एरर! वैतागून वर पाहिलं तर बल्ब डोळे दिपवत होता.

"हा रोज असाच पेटतो?"

"छ्या! जिनिंग चालू झालं का पिवळा पडते. आज पूजेपर्यंत मशीनी बंद हायेत न."

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. जिनिंग चाललं की व्होल्टेज पडतं आणि टेप मंदावते. कॅसेट त्याच मंद चालीत भरलेली, त्याच चालीत वाचली जायची. आज टेप सुसाट पळत होती.

"सेठ, पाच मिनिटं मशीनी चालू करा."

"पूजेच्या आंधी? कायले? दोन सालं कापसानं रडवलं. गुरुजीनं सांगतलं, यंदा आंधी वजन, मंग मशीन!"

मशीनीशिवाय वजन नाही, वजनाशिवाय मशीन नाही. मला हसू आवरेना. सेठ रागानं बघत होते.

मी पिशवीतून माझा कॉम्प्युटर काढला. कॅसेटच्या सुरुवातीला एक लांब शिट्टी असते. चिपमधला टेप वाचणारा भाग, लोडर, ठरलेली चालच मानायचा. मी त्याला शिकवलं: आधी शिट्टी ऐक, तिच्यावरून चाल ओळख. पहिल्या खेपेला माझ्याच टूलनं माझी चूक दाखवली. दुसऱ्या खेपेला पास. चिप भरली, बसवली.

"मुहूर्त चालला!" गुरुजी ओरडले.

शिट्टी वाजली. खरखर झाली. आणि टीव्हीवर गाडीचं वजन! मी चक्क उडी मारली. बैल बिचकले, गाडी हलली, आकडाही नाचायला लागला. प्रल्हादभाऊ रडता रडता हसत होते.

नारळ फुटला. मशीनी धडधडल्या. सेठनं खोबऱ्याचा पहिला तुकडा प्रल्हादभाऊंच्या हातावर ठेवला. "पाहून काय राह्यले? पुढची गाडी घ्या."

तेव्हापासून क्लायंटला मी पहिला प्रश्न "काय बिघडलं?" असा विचारत नाही. विचारते, "चालत होतं तेव्हा शेजारी काय काय चालू होतं?"