रविवारी माफी मागणारे काका

पुण्यात माफी मागण्याची पद्धत नाही. पण आमच्या शेजारच्या काकांनी साऱ्या शहराची कसर एकट्याने भरून काढली होती. काका हडपसरच्या एका कारखान्यात फिटर, चर्चला नेमाने जाणारे आणि स्वभावाने जमदग्नी. येशूच्या वाटेने चालायचं हे त्यांनी मनापासून ठरवलं होतं, पण राग त्यांच्या दोन पावलं पुढे असे. दूधवाला, रिक्षावाला, सोसायटीचा सेक्रेटरी, कोणी सुटत नसे. मग रविवारी उपासना आटोपली की काका इस्त्रीच्या शर्टात दारोदार जाऊन आठवड्याची माफी मागत, तीही तपशीलवार. एकदा माझ्या वडिलांना म्हणाले, “मंगळवारी मी तुम्हाला पाठीमागे कोडगा म्हणालो. माझं चुकलं.” वडील म्हणाले, “अहो, मला ठाऊकच नव्हतं. आता कळलं ते बरं झालं.”

पुढे कारखाना बंद पडला. काका घरी बसले आणि त्याच दिवसांत मुलीने आपल्या मनाने लग्न ठरवलं. रागाच्या भरात काका तिला म्हणाले, की तू मला मेलीस. ती बॅग भरून निघून गेली. जगाची माफी मागणाऱ्या माणसाला त्या एका दारात पाऊल टाकवेना. तेव्हापासून त्यांनी उपासनेत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर घेणं सोडलं; समेट केल्याशिवाय ती घेऊ नये, असं ते मानत. चर्चला मात्र जात. शेवटच्या बाकावर बसत आणि बाकीचे भाकर घ्यायला उठले, की मान खाली घालत. मी न राहवून विचारलं, मग जाता तरी कशाला?

“नाहीतर जाऊ कुठे?” म्हणाले.

तीन वर्षांनी एका रविवारी त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. मुलगी मार्केट यार्डामागे राहायची. तिने दार उघडलं, पाहिलं आणि लावून घेतलं. काका जिन्यात अर्धा तास उभे राहून परतले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला वाटलं, आता दार फोडतील. पण त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. पाचव्या की सहाव्या रविवारी जावयाने एक खुर्ची बाहेर आणून ठेवली. काका बसले नाहीत. त्याच्या मागून ती आली.

“मी तुला मेलीस म्हणालो,” काका म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलताच येईना.

तिने दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग विचारलं, “आई कशी आहे?”

परतताना एक टेम्पो आम्हाला घासून गेला. मी शिवी हासडली. मागे काकांनी कपाळ माझ्या पाठीला टेकवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी भाकर घेतली, असं काकूंनी आईला सांगितलं.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मार्केट यार्डाकडून परतायचा तो रस्ता रुंद झाला आहे, सगळे सुसाट जातात. मी मात्र तिथे अजून उगाचच स्कूटर हळू चालवतो.