सुलतानपूरची तलवार आणि यांचं नाव

“वहिनी, या दसऱ्याले येऊ नका,” असं सुलतानपूरच्या दिराने फोनवर सांगितलं. म्हणून मी गेले.

आम्ही वेलमा जातीचे. पूर्वज तेलंगणातून शस्त्रं घेऊन आले, असं घरात सांगतात. सासरी एक जुनी तलवार आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लावून, आजवर घरातल्या ज्या पुरुषांनी ती सांभाळली त्यांची नावं घेतात. हे गेल्यानंतरचा हा पहिला दसरा. यांचं नाव मला घ्यायचं होतं. पण विधवेने शस्त्राला हात लावायचा नाही, अशी रीत.

चिखलीहून मेहकर, तिथून लोणारकडची एसटी. सुलतानपूर वाटेत लागतं. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सबबी सांगू नका. मेहकरच्या स्टँडवर भजी खा, चहा मात्र पाकासारखा गोड. एसटीच्या खिडकीबाहेर सोयाबीनची काढणी चालू होती. शेजारच्या बाईने जात विचारली. मी सांगितली.

“म्हंजे आमच्या इकडच्या कोन्त्या जातीसारखे?”

सांगणार काय? वाचनालयातून पुस्तकं आणून मी वाचलंय. तिकडे तेलंगणात आमच्यातले काही गढ्यांचे धनी होते. त्यांच्या जमिनीत राबणाऱ्यांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. इकडे तर आम्हाला कुणी ओळखतही नाही. मग मोठेपणा दाखवायचा कुठे? बायकांवर. सासूबाईंनी जन्मात शेताचा बांध पाहिला नाही, हे घरात अजून अभिमानाने सांगतात.

घरी पोहोचले तेव्हा तलवार पाटावर मांडलेली होती. दीर म्हणाले, “वहिनी, मांगं बसा. आपण लढवय्ये लोकं.”

“भाऊजी, गोठ्यात साप निघाला तवा पयले कोन पळालं?”

जाऊ फिसकन हसली.

“काऊन जुनं काढून राह्यल्या? लोकं काय म्हनतील?”

“लोकायले आपली जातच मालूम नाही.”

मी पुढे झाले, कुंकू लावलं. सासऱ्यांचं नाव घेतलं. मग यांचं, तेही स्पष्ट. दीर उठून बाहेर गेले. आपट्याची पानं जावेनेच दिली.

लोणारचं सरोवर तिथून जवळ आहे, तुम्ही जरूर पाहा. माझं मन नव्हतं.

चिखलीला परतले. घर तसंच रिकामं. पण त्या खोलीत यांचं नाव माझ्या तोंडून निघालं, ते आता कुणाला परत घेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दिराचा फोन आला.

“पुढच्या साली तलवार कुलपात ठेवतो.”

“ठेवा. मी अंगणात बसून नाव घेईन. सगळ्या गल्लीले ऐकू जाईल असं.”