पलीकडचा काठ

आई गेल्यापासून बाबांनी जेवण मागितलं नव्हतं. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खायचे, नाही ठेवलं तर नुसते बसून राहायचे. आठ महिने हेच चाललं. मला रडू कमी आणि राग जास्त यायचा. अरे, मागावं ना माणसानं! शेवटी दिवाळीच्या सुटीत मी त्यांना मानोऱ्याहून उचललं ते थेट अंदमानला नेलं. यांचा जीव मासोळीत, तर समुद्र तरी दाखवू, एवढीच माझी अक्कल.

सारी हयात बाबांनी गावच्या तलावावर गळ टाकला. आई जर्मनच्या हलक्या डब्यात ज्वारीचं पीठ हिंग घालून मळायची, मासोळीसाठी, आणि शेजारी बसायची. तिचा एकच हट्ट होता : पहिली मासोळी पाण्यात परत सोडायची. बाबा दर खेपेला करवादायचे, "सोडाचीच होती तं धरली कायले?" पण सोडायचे.

बेटावरची ती सकाळ अजून मला खरी वाटत नाही. पाणी इतकं नितळ की स्वतःचे पाय दुसऱ्याच कुणाचे वाटावेत. वाळूवर नारळाच्या सावल्या हलत होत्या. बाबांनी पिशवीतून गळ काढला, त्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधलेला, तरंगायला. मग आईचा डबा काढला.

"हा कायले आणला एवढ्या दूर?" मी डाफरले.

"मंग पीठ कशात ठेवू?"

चपला आणि डबा त्यांनी अगदी पाण्याच्या कडेला ठेवला, तलावावर ठेवतात तसा. मलाही त्यात काही खटकलं नाही. आमच्याकडचं पाणी जिथल्या तिथं बसतं, चालत येत नाही. धांड्याचा तुकडा डुलत राहिला, त्याच्याकडं बघता बघता माझा डोळा लागला.

जागी झाले तर साडीचा काठ ओला. बाबा घोटाभर पाण्यात उभे.

"पाणी चढून राह्यलं वो. वरून धरनाचे गेट सोडले काय कोनं?"

चपला हाती लागल्या. डबा मात्र वाऱ्यानं दूर निघाला होता. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरले, तशी बाबांनी हाक मारली, "राहू दे पोरी. पलीकडच्या काठाले लागन तो."

तलावात वाहून गेलेली वस्तू पलीकडं लागते, फेरा मारून उचलून आणायची. कितीदा आईच तो फेरा मारून यायची.

"बाबा, याले पलीकडचा काठ नसते!" मी ओरडले. ओरडले आणि जीभ चावली.

ते डबा दिसेनासा होईस्तोवर उभे राहिले. त्या दिवशी ताटाला हातही लावला नाही. माय वो, म्हटलं, बरं करायला आणलं आणि उरलंसुरलंही मीच घालवलं. न्हाणीत नळ सोडून मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याआधी उठून बसलेले. नाश्त्याचा पाव त्यांनी न खाता रुमालात बांधला. किनाऱ्यावर आधी चपला लांब, नारळाच्या बुडाशी ठेवल्या. मग पाव मुठीत मळून गळाला लावला.

बऱ्याच वेळानं धांड्याचा तुकडा बुडाला. बोटाएवढी, पिवळ्या पट्ट्यांची मासोळी. मी घाईघाईनं पिशवी उघडून धरली. बाबांनी तिला तळहातावर घेतलं. मी वाट पाहत होते, आता करवादतील. नाही करवादले. वाकले आणि तिला अलगद पाण्यात सोडलं.

"तिकडच्या काठाले गेली," ते मासोळीला म्हणाले, "तं सांगजो तिले. डबा आता तिच्यापाशीच राहू दे म्हना."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. बाबांनी पुन्हा पाव मळायला घेतला.

"काहून रडून राह्यली? दुसरी ठेवू ना आपुन. मले भूक लागली."