उजव्या बाहीचा मोर

पहिल्या मोराचा पापड झाला. चाचणीच्या पांढऱ्या कापडावर तो इतका दाट भरला गेला की हातात धरला तर वाकेना, आणि भोवतीचं कापड कुरडईसारखं आक्रसून गेलं. मल्लेश्वरीने तो उलटसुलट करून पाहिला आणि तिला हसू फुटलं. कुठं चुकलं ते तिला बघताक्षणी कळलं होतं. मोर तिने लहान केला होता, पण टाके मोठ्या मोराचेच ठेवले होते. एवढ्याशा अंगात एवढा दोरा मावणार कसा?

"हसायलीस काय? वाया गेलं की ते," दारातून सावित्रम्मा म्हणाल्या. मल्लेश्वरीच्या सासूबाई. कपाळाला विभूती, डोक्यावर पदर, आणि नजर कायम मशीनवर, जशी दारात आलेल्या अनोळखी माणसावर असावी तशी.

"गेलं न्हाई अत्ती, सापडलं!" म्हणत ती लॅपटॉपकडे वळली.

मादन हिप्परग्यात ही कॉम्प्युटरची भरतकामाची मशीन नवी होती. नवऱ्याने, गुरुबसवने, ती कलबुर्गीहून टेम्पोत घालून आणली आणि ज्वारीच्या पोत्यांची खोली रिकामी करून तिथं बसवली. त्याआधी कितीतरी वर्षं मल्लेश्वरी लाकडी चौकटीवर कापड ताणून आरीच्या सुईने हाताने भरत असे. ही कला ती दुबलगुंडीच्या माहेराहून घेऊन आली होती. गल्लीतल्या कितीजणी तिने भरलेलं ब्लाउज घालून अक्षतेला उभ्या राहिल्या. पण मशीन आली आणि बायका लांबूनच बघू लागल्या. "हाताला कळतंय, मशीनला काय कळतंय? चांगलं कापड खाऊन टाकल," असं त्या आपसांत बोलत.

कापड आणलं ते एकट्या श्रीदेवीने. मागच्याच गल्लीतली मुलगी, निंबर्ग्याला दिलेली, लग्न तोंडावर आलेलं. जांभळ्या रेशमी साडीतूनच निघालेला ब्लाउजपीस तिने दोन्ही हातांनी पुढे केला. "अक्का, असलं दुसरं कापड मिळत न्हाई बगा." मल्लेश्वरीला ते सांगायची गरज नव्हती. हे बिघडलं तर पोरीचं लग्नाचं ब्लाउज गेलं, आणि मशीनकडे परत कोणी फिरकणार नव्हतं.

नमुना श्रीदेवीच्या फोनमधला. उजव्या बाहीवर पिसारा खाली सोडलेला मोठा मोर, डाव्या बाहीवर नुसत्या बुट्ट्या. डावी बाही पदराखाली झाकलेलीच असते, तिथं कशाला भरायचं?

मल्लेश्वरीने टाके विरळ केले. पिसाऱ्याच्या डोळ्यांत मोकळी जागा सोडली, कापडाखाली कडक कागद लावला आणि पुन्हा चाचणी घेतली. दुसरा मोर निघाला तो मऊ, झुकता, चमकता. तिने तो गालाला लावून पाहिला. मग आणखी वेळ न दवडता जांभळं रेशीम फ्रेममध्ये ताणलं आणि बटण दाबलं. मशीन धडधडायला लागली. सुईने मोराची बाहेरची रेघ घातली, मान, छाती, पिसाऱ्याची लांब वळणं. मल्लेश्वरीचा जीव त्या सुईबरोबर पळत होता.

सावित्रम्मा आता खोलीत आल्या होत्या. वाकून बघत म्हणाल्या, "कुठल्या बाहीचं हाय हे?"

"उजव्या."

"आन् पोरगी कुणाच्या घरात जायलीय?"

"निंबर्ग्याला."

"निंबर्गा माझं माहेर हाय. तिकडच्या बायका उजवा पदर घेतात. सून अक्षतेला डावा पदर घिऊन हुबारली तर सासू मांडव डोक्यावर घील. उजवा घेतला की तुजा मोर पदराखाली बसून ऱ्हाईल, कोंबडी झाकल्यागत."

मल्लेश्वरीने झटकन मशीन थांबवली. मान वर करून पाहिलं, तर सासूबाईंचा पदर उजव्याच खांद्यावर. इतकी वर्षं रोज समोर असलेला. तिचा स्वतःचा डावा, फोनमधल्या बायकांचाही डावा. डोक्यात दुसरं आलंच नाही.

"उसवून टाक की."

"रेशीम हाय, अत्ती. दोरा निघल, भोकं ऱ्हातात."

निरोप गेला तशी श्रीदेवी धावत आली. फ्रेममधली रेघ तिने पाहिली, सगळं ऐकलं, आणि तिचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "आज्जी म्हणत्यात ते खरं हाय. सासूबाईंनी सांगितलंय, अक्षतेला उजवा पदर. पर अक्का, संध्याकाळी फोटो हाईत, तवा मी डावाच घेणार हाय. कबूल करून घेतलंय मी त्यांच्याकडून!"

"आत्तापासूनच?" सावित्रम्मा म्हणाल्या. "तिकडं जाऊ तर दे ग आधी."

मल्लेश्वरी मात्र उभी राहिली होती. "म्हंजे मोर दोन लागतात! एक सकाळचा, एक संध्याकाळचा. हा पुरा करते, तसाच डाव्या बाहीवर घालते. चालंल?"

श्रीदेवीने टाळीच वाजवली.

उजवा मोर पुरा झाला. आता डावा. पण तोच मोर तसाच घेतला तर तो पाठीकडे तोंड करून बसणार. हातकामासारखा कागदावर टोचलेला छाप असता तर तिने तो नुसता पालथा घातला असता. इथं पालथं काय घालायचं? ती स्क्रीनवरची चित्रं एकेक करून दाबत गेली. मोर आडवा झाला, मग डोक्यावर उभा राहिला. "पडला की बिचारा!" श्रीदेवी किंचाळली. आणखी एक चित्र दाबलं, आणि मोराने टुणकन तोंड फिरवलं.

"फिरला! फिरला!" मल्लेश्वरी स्वतःच ओरडली.

मशीन पुन्हा धडधडू लागली. निळा दोरा, हिरवा, मग जरीचा. तिघींची डोकी फ्रेमवर एकत्र आली. एकाएकी सुई थांबली.

"बिघाडलं," सावित्रम्मांनी छातीला हात लावला. "म्हणलं व्हतं मी."

"न्हाई ओ अत्ती, डोळ्याचा काळा दोरा मागायलंय ते."

"असं व्हय!" त्यांनी श्रीदेवीला कोपराने बाजूला सारलं. "सरक ग, बघू दे मला. आन् मल्ला, डोळा नीट घाल. निंबर्ग्याच्या बायका जवळ येऊन बघत्यात."

मल्लेश्वरीने दोरा ओवला आणि बटण दाबलं.